गाडी तापते, पण कधी?

गेल्या महिन्यात बॅटरीबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती तापणाऱ्या गाड्यांची. साहजिकच आहे. ऊन कडक, लग्नसराई जोरात, पाच माणसांच्या गाडीत सात माणसं आणि मागे बिर्याणीचं पातेलं. अशा वेळी गाडी तापली नाही तरच नवल. पण आज लिहितोय ते एका पत्रामुळे.

पत्र नांदेडकडच्या एका भगिनीचं आहे. घरात नऊ वर्षांची पेट्रोल गाडी आहे आणि गेल्या चार महिन्यांपासून ती तापते. पहिल्या मेकॅनिकने रेडिएटर साफ केला. दुसऱ्याने थर्मोस्टॅट काढून फेकून दिला, ‘आपल्याकडच्या हवेत याची गरजच नाही’ म्हणाला. तिसऱ्याने पंख्याची मोटर बदलली. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस गाडी बरी चालली आणि पुन्हा तापली. आता चौथा म्हणतो, इंजिन खोलावं लागेल. मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी जे पैसे बाजूला काढून ठेवले आहेत, ते यात घालावेत का, असं त्यांनी विचारलं आहे. सगळा खर्च तारखेसह लिहिला आहे. इतका चोख हिशोब माझ्या गॅरेजच्या वहीतही नसतो.

फक्त एक गोष्ट पत्रात नव्हती. गाडी तापते कधी?

माझे उस्ताद गिऱ्हाईक आलं की बोनेट उघडतच नसत. आधी चहा सांगायचे, मग विचारायचे, ‘उभी असताना तापते की पळताना? चढाला की सपाटीला? एसी लावल्यावर की नुसतीच? पाणी कमी होतं का? किती दिवसांनी, किती?’ आम्ही पोरं पाने हातात घेऊन ताटकळत उभी. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला गप्पा मारायची हौस आहे.

त्या प्रश्नांमागचं गणित असं. जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्सा थंड करणाऱ्या पाण्याला उचलावा लागतो. हे पाणी पंपाने इंजिनभर फिरतं, तापून रेडिएटरमध्ये येतं, तिथे वारा लागून निवतं आणि परत जातं. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांवर गेलं की तो उघडू लागतो. आणि हे सगळं चालतं झाकणबंद दाबाखाली, अगदी आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरसारखं. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं, कुकरमध्ये १२० च्या आसपास. रेडिएटरचं झाकण म्हणजे त्या कुकरची शिट्टीच. त्यामुळे त्याचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली, की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळून बाहेर पडतं. बदलायला सगळ्यांत स्वस्त वस्तू ही, आणि तपासायची विसरतात तीही हीच.

आता उस्तादांचा पहिला प्रश्न घ्या. रस्त्यावर गाडी वेगात असते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर निववतो, पंख्याची गरज फारशी लागत नाही. चौकात, टोलनाक्यावर, लग्नाच्या हॉलसमोर गाडी उभी राहिली की सगळा भार पंख्यावर. म्हणून उभी असताना तापणारी आणि पळायला लागली की निवणारी गाडी आली की आधी पंखा बघायचा. हे घरीही बघता येतं. गाडी मोकळ्यावर उभी करून चालू करा, एसी लावा आणि पुढच्या जाळीतून पाहा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा फिरू लागतो. एसीने फिरतो पण नुसत्या तापल्यावर फिरत नसेल, तर मोटर चांगली आहे. दोष सेन्सरमध्ये, रिलेमध्ये किंवा वायरीत आहे. तिथे नवी मोटर बसवणं म्हणजे डोळ्यात कुसळ गेलं म्हणून चष्मा बदलणं. एक सावधगिरी मात्र घ्या: इंजिन गरम असलं तर चावी बंद केल्यावरही हा पंखा अचानक फिरू शकतो. हात, ओढणी, सैल बाही त्याच्या जवळ नको.

मोटर बदलताना वायर उलटी जोडली, तर पंखा उलटा फिरतो. फिरताना छान दिसतो, आवाजही करतो, पण वारा आत ओढण्याऐवजी बाहेर फेकतो. आमचे उस्ताद वहीचा कागद जाळीसमोर धरायचे. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर कागद जाळीला चिकटला पाहिजे. उडून गेला, तर ज्याने मोटर बसवली त्याच्याकडे परत जा. मी स्वतः दोनदा उलटी वायर जोडली आहे आणि दोन्ही वेळा कागदानेच माझी इज्जत वाचवली.

याच्या उलट, गावात ठीक चालते पण घाटात किंवा हायवेवर तापते, अशी गाडी असेल तर पंख्याला दोष देऊ नका. तिथे पाणी पुरेसं फिरत नाही किंवा पुरेसं निवत नाही. रेडिएटर आतून क्षाराने भरलेला असतो. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं की घरातल्या हिटरच्या सळईवर जसा पांढरा थर बसतो, तसाच या बारीक नळ्यांत बसतो. किंवा बाहेरून, एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत धूळ, किडे, उसाच्या पाचटाचा भुगा अडकलेला असतो. समोरून पाहिलं तर स्वच्छ, आत गादी. किंवा थर्मोस्टॅट अर्धाच उघडतो, वॉटर पंपाची पाती झिजलेली असतात. इंजिन पुरतं तापल्यावर वरचा पाइप चटका देतो आणि खालचा गारच राहतो, तर पाणी रेडिएटरमधून जातच नाही असं समजायचं. थर्मोस्टॅटचा संशय असेल तर तो काढून पातेल्यात पाण्याबरोबर गॅसवर ठेवा. पाणी उकळायच्या आधी तो उघडताना डोळ्यांनी दिसला पाहिजे. (जुनं पातेलं घ्या. माझ्या बेगमने एकदा मला हे दुधाच्या पातेल्यात करताना पकडलं होतं.)

थर्मोस्टॅट काढून टाकायच्या सल्ल्याबद्दल मात्र मी स्पष्टच बोलतो. तो आळशी माणसाचा सल्ला आहे. इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त जातं. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की आडवाटेचा पाइप उघडाच राहतो आणि पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच गरम परत जातो. गाडी थंड करायला काढला आणि चढावर जास्तच तापली, असं होतं.

पण उस्तादांचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोठा होता. पाणी कमी होतं का? तो मी एकदा विचारला नाही. त्याची गोष्ट सांगतो. अनेक वर्षं ती कोणाला सांगितली नव्हती.

माझं गॅरेज कराडला. पाटणच्या बाजूचे एक सर त्यांची जुनी गाडी घेऊन आले. चढाला तापते म्हणाले. मी लगेच बोनेट उघडलं. जाळीत धूळ आणि भुसा गच्च, रेडिएटरही जुना. कारण समोर दिसत होतं, मग विचारायचं काय? रेडिएटर उतरवून साफ करून आणला, नवं कूलंट भरलं, पैसे घेतले. आठवडाभर गाडी छान चालली. सरांनी फोन करून सांगितलंसुद्धा.

नंतरच्या रविवारी ते बायको आणि दोन मुलांना घेऊन चिपळूणला गेले. परतताना पोफळीच्या पुढे कुंभार्ली घाट सुरू झाला आणि काटा वर सरकू लागला. सरांना वाटलं, आत्ताच तर काम केलंय, काही होणार नाही. भाभी म्हणाल्या, थांबू या. अंधार पडत होता, मुलं पेंगुळली होती, थांबले नाहीत. मग काटा एकदम खाली आला. सरांनी मोठा श्वास सोडला. मला ते वाक्य अजून आठवतं: ‘मला वाटलं, वारा लागला आणि निवली.’

ती निवली नव्हती. पाणीच संपलं होतं. काट्याचा सेन्सर पाण्याची उष्णता मोजतो. पाणी गेलं आणि तो हवेत उघडा पडला की काटा खाली येऊ शकतो, आणि इंजिन तेवढ्यात भट्टी होत असतं. पुढे दोनेक किलोमीटरवर गाडी खडखड करून बंद पडली. रात्र त्या चौघांनी एका ट्रकवाल्याच्या मेहरबानीने काढली.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून माझ्याकडे आणली. हेड उघडलं. ॲल्युमिनियमचं हेड वाकलेलं, गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मध्ये जळून काळं, पिस्टनवर ओरखडे. मी कागदावर खर्च मांडत होतो. भाभी बाकावर बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, ‘भाई, एक विचारू? महिनाभर मी दर दोन दिवसांनी सकाळी त्या बाटलीत पाणी घालत होते. सर शाळेच्या घाईत असतात, म्हणून ते काम माझं. पण गाडीखाली कधी एक थेंब दिसला नाही. आणि सकाळी चालू केली की मागून पांढरा धूर यायचा. हे काही महत्त्वाचं होतं का?’

सगळं महत्त्वाचं तेच होतं. पाणी कमी होतं आणि जमिनीवर पडत नाही, तर ते कुठेतरी जातंय. गॅस्केट फुटलं असेल तर ते सिलिंडरमध्ये जाऊन जळतं आणि धुरातून बाहेर पडतं, किंवा ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर दिसतो. उलट, सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतो आणि कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येतात. थंड गाडी चालू करून मिनिटभरातच वरचा पाइप दगडासारखा कडक लागला, तर तोही याच वायूचा दाब असू शकतो. खात्री करायला एक निळं रसायन मिळतं. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली आणि पेट्रोल गाडीत ते पिवळं झालं, तर गॅस्केट गेलं. पाच मिनिटांचं काम. माझ्या कपाटात ती बाटली होती.

मग रेडिएटर साफ केल्यावर आठवडाभर गाडी बरी कशी चालली? कारण मी पाणी काठोकाठ भरून दिलं होतं. तेवढंच. माझ्या कामाने काही बरं झालं नव्हतं. पाण्याने आठ दिवस वेळ मारून नेली होती. गॅस्केट तेव्हाच बदललं असतं तर खर्च फार थोडा आला असता. मी मजुरी घेतली नाही, हेडचं काम माझ्या पैशाने करून दिलं, तरी सरांना पिस्टनचा खर्च पडलाच. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून गाडी कोणाचीही असो, मी घरातल्या सगळ्यांना विचारतो. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं. शेजारी बसणाऱ्याला वास येतो, पायाला ओल लागते, आवाज ऐकू येतो. पाणी कोण घालतं, तेही बऱ्याचदा वेगळंच माणूस असतं.

म्हणून त्या भगिनींचं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं. सही करून झाल्यावर, अगदी तळाला, बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं आहे: गाडीत बसलं की पाकासारखा गोडसर वास येतो, मला मळमळतं, सकाळी पुढच्या काचेवर तेलकट वाफ धरते, पण हे म्हणतात तुला सगळ्या गाडीत मळमळतंच.

बहन, तुमच्या चारही मेकॅनिकांच्या हाती जे लागलं नाही ते कदाचित या दोन ओळींत आहे. गोड वास कूलंटचा असतो. आणि तो गाडीच्या आत येतोय. डॅशबोर्डच्या मागे एक छोटा रेडिएटर असतो, गॅरेजमध्ये त्याला हीटर कॉइल म्हणतात. इंजिनचं गरम पाणी त्यातूनही फिरतं. तो गळू लागला तर पाणी रस्त्यावर पडत नाही, सतरंजीखाली मुरतं. बोनेट उघडून कितीही पाहिलं तरी दिसत नाही. तुम्ही लिहिता, प्रत्येक दुरुस्तीनंतर आठ-दहा दिवस गाडी बरी. रेडिएटर काढला, थर्मोस्टॅट काढला, प्रत्येक वेळी कोणीतरी पाणी पूर्ण भरून दिलं असणार. हिशोब जुळतो.

तरी मी शंभर मैलांवरून निदान पक्कं करत नाही. तुम्ही एवढं करा. सकाळी गाडी गार असताना पुढे डाव्या बाजूला, पाय ठेवतो तिथली चटई आणि खालची सतरंजी, दोन्ही उचला. ओल असेल तर बोट लावून पाहा. एसीचं पाणीही कधी कधी तिथे साचतं. पण ते साधं पाणी असतं, वास नाही, चिकटपणा नाही, आणि दोन दिवस एसी लावला नाही की वाळतं. कूलंट साबणासारखं गुळगुळीत लागतं, लवकर वाळत नाही, हिरवट किंवा लालसर रंग सोडतं. बोट लगेच धुवा. हे विषारी आहे आणि चवीला गोड असल्यामुळे लहान मुलं त्याकडे ओढली जातात. उरलेली बाटलीही पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

मग कूलंटच्या बाटलीवर, आहे त्या पातळीला, खडूने रेघ मारा. रोज सकाळी, गाडी गार असताना, एकाच वेळी पाहा आणि तुमच्या त्या सुंदर वहीत लिहा: किती उतरलं, काल किती किलोमीटर चालली, चढ होता की उभी होती, एसी होता की नव्हता, ऑइलच्या झाकणाखाली साय आहे की नाही, सकाळचा धूर कसा आहे. आठ दिवसांत चित्र स्पष्ट होईल. तोवर लांबचा प्रवास नको.

ओल कूलंटचीच निघाली तर मेकॅनिकला सांगा, दाबाचा हातपंप लावून हीटर कॉइल तपासून दे. कॉइल बदलायला डॅशबोर्ड काढावा लागतो, मजुरी थोडी जास्त लागते, पण इंजिन खोलण्याच्या मानाने काहीच नाही. हात फारच तंग असेल तर हीटरकडे जाणारे दोन पाइप इंजिनच्या बाजूलाच एकमेकांना जोडून कॉइल बाजूला ठेवता येतो. नांदेडच्या हवेत हीटर वर्षातून किती वेळा लागतो? पावसात काचेवरची वाफ जरा उशिरा जाईल, एवढंच. आणि थर्मोस्टॅट परत बसवून घ्या. पाणी भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. नुसता रंग पाहून कुठलंही कूलंट कुठल्याही कूलंटमध्ये मिसळू नका. दोन जातींचं मिश्रण कधी कधी आत घट्ट होऊन बसतं. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घ्या. भरून झाल्यावर आत हवा अडकून राहू नये म्हणून इंजिन चालू ठेवून पंखा दोनदा लागेपर्यंत थांबा, पातळी पुन्हा पाहा.

आणि दरम्यान रस्त्यात तापलीच तर: एसी बंद, बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळे उतरून सावलीत बसा. थांबायला जागाच नसेल, घाटाचं वळण असेल, तर सुरक्षित जागी पोहोचेपर्यंत हीटर पूर्ण लावून खिडक्या उघडा. तोही एक छोटा रेडिएटरच आहे, थोडी उष्णता काढतो. (तुमच्या गाडीत कॉइल गळत असेल तर हा उपाय नको.) तांबडा दिवा लागला की मात्र कुठलंही गणित नको, थांबायचंच. आजकाल अनेक छोट्या गाड्यांत काटा नसतो, फक्त दिवा असतो, आणि तो लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. झाकण अर्धा-पाऊण तास तरी उघडू नका. शिट्टी न काढता कुकर कोणी उघडतं का? माझ्या डाव्या मनगटावर त्याची खूण आहे, सोळाव्या वर्षापासून. तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतू नका, धातूला तडा जातो.

चटईखाली काय निघालं ते कळवा. कोरडी निघाली तर वहीतले आठ दिवस पाठवा, आणि भाईजानना सांगा, मळमळीबद्दल पुढच्या वेळी जरा ऐकून घ्या. तोवर अकरावीचे पैसे काढू नका.